१८६३ साली फुटबॉल जन्मला का? एका रेफरीचं उत्तर

प्रश्न असा आला आहे : फुटबॉलचा जन्म १८६३ साली लंडनमध्ये झाला असं जिथं तिथं छापलेलं असतं. पण लोक तर त्याआधी शेकडो वर्षं चेंडू लाथाडत होते. मग त्या साली नेमकं झालं काय, आणि आज आपण बघतो तो शिस्तीतला, नियमांचा, लीगचा खेळ उभा कधी राहिला? विचारणारा रेफरीच्या परीक्षेची तयारी करतो आहे. मीही बरीच वर्षं कोल्हापुरात आणि बाहेर शिट्टी वाजवली, आता नव्या पोरांना नियम शिकवतो. त्यामुळे उत्तर रेफरीच्या बाजूनंच देतो.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. १८६३ साली खेळ जन्मला नाही, नियमांची एक यादी जन्मली, आणि ती यादीही पहिली काही वर्षं फारशी कुणी पाळली नाही. खेळाला शिस्त लागली ती पुढच्या तीसेक वर्षांत. कप आला, लीग आली, तिकिटाचे पैसे आले. मग निकालावर भांडणं होऊ लागली आणि ती मिटवायला नियम आणि रेफरी आले. आज पाठ करायचे सतरा नियम कुणी टेबलाशी बसून कल्पनेनं रचलेले नाहीत. बहुतेक प्रत्येकामागं मैदानावरचा एखादा वाद आहे.

गावठी फुटबॉल जुनाच. १३१४ साली लंडनच्या मेयरनं दुसऱ्या एडवर्ड राजाच्या वतीनं शहरात हा खेळ खेळायला बंदी घातली, कारण रस्त्यावर फार दंगा व्हायचा. डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबोर्न गावात तसला खेळ आजही होतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला जन्मलेले एका बाजूला, खालच्या अंगाला जन्मलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोन गोलांमध्ये अंतर साधारण तीन मैलांचं. तिथं रेफरी लागत नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, काय चालतं आणि काय चालत नाही हे लहानपणापासून माहीत असतं. अडचण येते ती बाहेरचा गडी खेळायला आला की.

ही अडचण पहिल्यांदा पोळली ती इंग्लंडच्या बड्या शाळांमधून बाहेर पडलेल्या पोरांना. ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर, चार्टरहाउस, प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठं चेंडू हातात घेऊन पळायची मुभा, कुठं नाही. रग्बी शाळेनं १८४५ साली आपले नियम लिहून काढले. ही सगळी मुलं केंब्रिजला एकत्र आली तेव्हा खेळ सुरू व्हायच्या आधीच वाद सुरू. १८४८ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी बसून सामाईक नियम केले. ती मूळ प्रत आज उरलेली नाही. नंतरची, १८५६ च्या सुमाराची, उरली आहे.

उत्तरेत शेफील्डला वेगळंच चाललं होतं, आणि हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड क्लब काढला. तो आज जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. पुढच्या वर्षी त्यांनी आपले नियम केले. १८६० च्या नाताळात शेजारच्या हॅलम क्लबशी त्यांचा सामना झाला. म्हणजे लंडनमध्ये बैठक भरायच्या तीन वर्षं आधी एका शहरात क्लब होते, लेखी नियम होते आणि क्लबा-क्लबांत सामने होत होते. कॉर्नर किक शेफील्डकडून आली, फाउलला फ्री किक द्यायची चालही तिथलीच. गोलाच्या खांबांवर आडवी दांडी तिथं पडली तेव्हा लंडनवाले अजून दोरी किंवा फीत बांधत होते. मला विचारशील तर आजच्या खेळावर शेफील्डचं ऋण लंडनपेक्षा कमी नाही.

आता १८६३. एबेनेझर कॉब मॉर्ली नावाचे वकील लंडनजवळच्या बार्न्स क्लबचे कप्तान होते. त्यांच्या पुढाकारानं २६ ऑक्टोबरला फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन परिसरातल्या क्लबांची बैठक भरली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. बैठक एक नव्हती. डिसेंबरपर्यंत अशा सहा बैठका झाल्या, आणि खरं भांडण शेवटच्या दोन-तीन बैठकांत झालं.

भांडण होतं नडगीचं. सुरुवातीच्या मसुद्यात चेंडू हातात घेऊन पळणं मान्य होतं, आणि तसं पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ हाणणंही मान्य होतं. त्याला हॅकिंग म्हणत. मॉर्ली आणि त्यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं साधं होतं : सोमवारी कामावर जाणारा माणूस असल्या खेळाला येणार नाही. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल अडून बसले. हॅकिंग काढलं तर खेळातली मर्दानगीच जाईल, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही येऊन तुम्हाला हरवतील, असं ते म्हणाले. मतदान झालं, १३ विरुद्ध ४. हॅकिंग गेलं, आणि त्यापाठोपाठ ब्लॅकहीथही गेला. पुढं १८७१ मध्ये रग्बी युनियन निघाली तेव्हा तिच्या स्थापनेत ब्लॅकहीथही होता. पण रग्बीनंही लवकरच हॅकिंग बंद केलं. ज्या गोष्टीवरून दोन खेळ वेगळे झाले, ती शेवटी दोघांनीही टाकली.

त्या वेळचे तेरा नियम वाचलेस तर हा आपलाच खेळ आहे यावर तुझा विश्वास बसणार नाही. मैदान जास्तीत जास्त २०० यार्ड लांब. गोलाला वर काहीच नाही, दोन खांबांमधून चेंडू कितीही उंच गेला तरी गोल. चेंडू हातानं झेलता येतो. चेंडूच्या पुढं असलेला प्रत्येक सोबती ऑफसाइड (खेळात भाग घ्यायला मनाई असलेल्या जागी), म्हणजे पुढं पास देणंच अशक्य. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. गोलकीपर नाही. रेफरीचा उल्लेखसुद्धा नाही, कारण सभ्य माणसं आपसांत मिटवतील असं गृहीत धरलेलं होतं.

तेरावा नियम मात्र तुझ्या रोजच्या कामाचा आहे. बुटाच्या तळाला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चा (रबरासारखा कडक चीक) लावायचा नाही. सामन्याआधी खेळाडू रांगेत उभे करून आपण एकेकाचा बूट उलटा धरतो आणि स्टडच्या (तळाच्या उंचवट्यांच्या) कडेवरून अंगठा फिरवतो. स्टड एका बाजूनं झिजला की त्याची कड ब्लेडसारखी होते. ती नजरेला कळत नाही, अंगठ्याला कळते. असा बूट बदलायला लावताना पोरं कुरकुरतात. मी त्यांना हा १८६३ चा नियम सांगतो.

असोसिएशनची पहिली काही वर्षं रडतखडत गेली. सभासद थोडे, आणि जो तो आपल्याच पद्धतीनं खेळणारा. १८६६ साली दोन गोष्टी बदलल्या. एक, ऑफसाइड ढिला केला : तुझ्यापुढं प्रतिस्पर्धी संघाचे तीन जण असतील तर तू ऑफसाइड नाहीस. पुढं पास देण्याचं दार इथं उघडलं. दुसरं, मार्च महिन्यात बॅटरसी पार्कवर लंडन विरुद्ध शेफील्ड असा सामना झाला. अकरा-अकरा गडी, तीन ते साडेचार. नव्वद मिनिटं आणि अकरा खेळाडू ही आजची मापं त्या सामन्यात आधी बोलून ठरवलेली होती. परगावच्या संघाशी खेळायचं तर असं सगळं आधी ठरवावंच लागतं. शेफील्डवाल्यांनी त्या दिवशी चेंडूला डोकं लावलं तेव्हा लंडनकर चकित झाले.

खरी गाडी चालू केली ती चार्ल्स अल्कॉक यांनी. असोसिएशनचे सचिव असलेले अल्कॉक हॅरोचे विद्यार्थी. तिथं वसतिगृहांमध्ये हरला तो बाहेर अशी स्पर्धा चालायची. तीच पद्धत त्यांनी क्लबांना लावली आणि १८७१ मध्ये एफए (फुटबॉल असोसिएशन) कप सुरू झाला. नावं आली पंधरा संघांची. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्सनी रॉयल इंजिनिअर्सना एक-शून्य हरवलं. संघ थोडे होते, तरी कपनं एक मोठं काम केलं : कपात खेळायचं तर एकाच नियमावलीनं खेळणं भाग होतं. जे सहा बैठकांनी जमलं नाही ते एका चषकाच्या हावेनं जमलं. १८७७ मध्ये शेफील्ड आणि लंडनचे नियमही एक झाले.

त्याच १८७२ च्या ३० नोव्हेंबरला ग्लासगोजवळ पार्टिकला स्कॉटलंड आणि इंग्लंड भिडले, शून्य-शून्य. इंग्लंडचे खेळाडू चेंडू पायात घेऊन एकेकटे घुसायचे, स्कॉटलंडचे एकमेकांना पास देत पुढं सरकायचे. स्कॉटलंडचा तो अख्खा संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबचा होता, म्हणून त्यांची जोडी जुळलेली होती. पुढच्या काही वर्षांत उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी स्कॉटिश खेळाडू खेचायला सुरुवात केली, आणि कुणी फुकट येत नव्हतं.

इथं गिरण्या आल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांत स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला मनाई झाली. त्यांच्याशिवाय गिरणी चालणार कशी, म्हणून पुरुषांचीही सुट्टी झाली. शनिवारची दुपार मोकळी, खिशात आठवड्याचा पगार, आणि लँकशायरच्या गावागावात क्लब. इंग्लंडमध्ये सामना शनिवारी तीनला का सुरू होतो, त्याचं मूळ इथं आहे.

१८८३ च्या कप फायनलमध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिकनं ओल्ड ईटोनियन्सना जादा वेळेत दोन-एक हरवलं. एकीकडं बड्या शाळेचे साहेब, दुसरीकडं विणकर, लोहकाम करणारे, प्लंबर. फायनलआधी हा संघ ब्लॅकपूलला जाऊन सराव करून आला होता, आणि ते अनेकांना खटकलं. सराव करणं म्हणजे लबाडी असं मानणारी माणसं तेव्हा होती. पुढच्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली की हे खेळाडूंना पैसे देतात. त्यांचे सर्वेसर्वा विल्यम सडेल यांनी ते सरळ कबूल केलं. प्रेस्टनला कपातून काढलं, पण उत्तरेतले क्लब वेगळी संघटना काढायला निघाले तेव्हा असोसिएशन नरमली आणि जुलै १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं. रग्बीत हाच वाद दहा वर्षांनी आला. तिथं कुणी नरमलं नाही आणि खेळ दुभंगला. फुटबॉल एकसंध राहिला तो या १८८५ च्या माघारीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

पगार द्यायचा म्हणजे दर आठवड्याला गेटवर पैसे यायला हवेत. पण कपात हरलेला संघ घरी बसायचा, आणि मैत्रीचे सामने आयत्या वेळी रद्द व्हायचे. बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान चालवणारे विल्यम मॅक्ग्रेगर अ‍ॅस्टन व्हिलाच्या कारभारात होते. २ मार्च १८८८ रोजी त्यांनी काही क्लबांना पत्र लिहिलं : आपण दहा-बारा क्लब मिळून वेळापत्रक ठरवू, प्रत्येकानं प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं, आणि ठरलेला सामना झालाच पाहिजे. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात फुटबॉल लीग स्थापन झाली. बारा क्लब, सहा लँकशायरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नाही. सामने ८ सप्टेंबरला सुरू झाले, पण विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक हे नोव्हेंबर उजाडल्यावर ठरलं! प्रेस्टन बावीस सामन्यांत एकदाही हरला नाही. आपली आयएसएल (इंडियन सुपर लीग) असो, कोल्हापूरची लीग असो, ढाचा तोच आहे.

आणि आता आपण आलो तुझ्या-माझ्या जागेवर. तोवर प्रत्येक संघ आपापला अंपायर आणायचा. खेळाडूंनी अपील केल्याशिवाय निर्णय नाही. दोन अंपायरांचं जमलं नाही तर रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारायचं, तो रेफरी. लीग सुरू झाल्यावर ही पद्धत टिकणं शक्यच नव्हतं. दोन गुणांवर पगार अवलंबून असताना आपल्या अंपायरनं आपल्याविरुद्ध निर्णय द्यावा ही अपेक्षा माणसाच्या स्वभावात बसत नाही. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला, दोन अंपायर रेषेवर गेले आणि लाइन्समन झाले. अपिलाची अटही पुढच्या काही वर्षांत गेली.

त्याच वर्षी पेनल्टी आली. कल्पना आयर्लंडच्या आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावचे गोलकीपर विल्यम मॅक्रम यांची. १८९० मध्ये आयरिश असोसिएशननं ती मांडली तेव्हा लोक संतापले. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करतो असं गृहीत धरायचं? मग फेब्रुवारी १८९१ मध्ये नॉट्स काउंटी आणि स्टोक यांचा कपातला सामना आला. काउंटी एक-शून्यनं पुढं. शेवटच्या मिनिटांत गोलरेषेवर त्यांच्या बॅकनं (बचावातल्या खेळाडूनं) गोलात जाणारा चेंडू हातानं अडवला. नियमाप्रमाणं स्टोकला फ्री किक मिळाली, गोलरेषेपासून हातभर अंतरावर. गोलकीपर चेंडूपुढं येऊन उभा राहिला, किक त्याच्यावरच आदळली आणि स्टोक हरलं. नियम मोडणाऱ्याचा फायदा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला. जूनमध्ये पेनल्टी मंजूर झाली. तेव्हा पेनल्टीचा ठिपका नव्हता, गोलपासून बारा यार्डांची रेषा होती, तिच्यावर कुठूनही मारायची; गोलकीपरला पुढं यायचीही मुभा होती. आजची पेनल्टी पेटी १९०२ ची. जाळी लिव्हरपूलचे इंजिनिअर जॉन ब्रोडी यांची, तीही १८९१ मध्येच वापरात आली. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हा वाद त्यांना मिटवायचा होता.

संघटना उभी राहिली की तिच्या हाती फाटक बंद करायची ताकदही येते, हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या बायकांनी संघ काढला. १९२० च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबरला) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. ५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशननं ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. नियम एकही बदलला नाही, फक्त मैदानं काढून घेतली, आणि बायकांचा फुटबॉल पन्नास वर्षं मागं पडला. आज मुलींच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो तेव्हा या अन्यायाची मला चीड येते.

बाकीच्या जगाचं थोडक्यात. ब्रिटनमधल्या चार असोसिएशन्सनी १८८६ मध्ये नियमांचं मंडळ केलं, तेच आजचं आयफॅब. फिफा २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये सात देशांनी स्थापली, आणि नियम मंडळात तिला जागा मिळाली १९१३ मध्ये. आजही नियम बदलायचा तर आठपैकी सहा मतं लागतात. चार फिफाची, चार त्या चौघांची. १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कप फायनलला अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचं चेंडू कुणाचा यावर जमेना. रेफरी होते बेल्जियमचे लांगेनस. पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूनं झाला, अर्जेंटिना दोन-एकनं पुढं. दुसरा उरुग्वेच्या चेंडूनं, आणि उरुग्वे चार-दोननं जिंकलं. दुसऱ्या नियमात चेंडूचा घेर, वजन आणि हवेचा दाब इतका काटेकोर का दिलाय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडं फुटबॉल पलटणींबरोबर आला. सिमल्याचा ड्युरँड कप १८८८ चा, म्हणजे इंग्लिश लीगच्याच वयाचा. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. सुरुवातीला दोन्हीकडं गोऱ्या पलटणींचंच राज्य. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन-एक हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. रोव्हर्स कप भारतीय संघाकडं, बंगलोर मुस्लिम्सकडं, यायला १९३७ उजाडलं, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ झाला. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींनी हा खेळ आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं मुळात आखाड्यांची आहेत. पेठेची ईर्षा अ‍ॅशबोर्नच्या ओढ्याइतकीच पक्की, पण ती नव्वद मिनिटांत आणि सतरा नियमांत बसवलेली.

परीक्षेसाठी एवढं कर. अकरावा नियम वाचताना समासात तीन सालं लिही. १८६६, तीन जणांचा ऑफसाइड. १९२५, तीनाचे दोन झाले, कारण न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन आणि त्याचं बघून बाकीचे बॅक ऐन वेळी पुढं सरकून फॉरवर्डांना ऑफसाइडमध्ये अडकवायला लागले होते आणि गोल आटले होते. बदलानंतर इंग्लिश लीगच्या फर्स्ट डिव्हिजनचे गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. आणि १९९०, शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑनसाइड. चौथ्या नियमापाशी (बूट आणि पोशाख) १८६३ लिही, पाचव्या (रेफरी) आणि चौदाव्यापाशी (पेनल्टी) १८९१. मग तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की पेनल्टीच्या वेळी गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा तिच्या मागं का हवा, तर सांगायला तुझ्याकडं स्टोकचा सामना असेल.